टिपांचे लाल कोपरे

बिघडलेल्या फाइली दुरुस्त करण्यात सव्वीस वर्षे घालवलेल्या एका माणसाच्या हातून एकच फाइल कायमची गेली, आणि ती त्याच्या सख्ख्या बहिणीची होती. त्या फाइलमध्ये त्यांच्या आईचे अखेरच्या तीन वर्षांतले बोलणे होते. आई जे म्हणाली आणि जसे म्हणाली, तसे तारीखवार. दुसरीकडे ते पूर्ण असे कुठेही उतरवलेले नव्हते. मेलेल्या फाइलपुढे हात टेकण्याची त्याला सवय होती. तशी ती गेली असती तर त्याला वाईट वाटले असते, पण मनाला टोचणी लागली नसती. ही फाइल मात्र मेलेली नव्हती. तिला जेमतेम खरचटले होते. तिची वाट लावली ती त्याच्या शिस्तीने, आणि त्या शिस्तीचा त्याला आयुष्यभर अभिमान होता.

गल्लीत त्याला 'रफू' म्हणत. हे बारसे खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याने केले होते. फार वर्षांपूर्वी एक बाई दुकानात येऊन रडकुंडीला आल्या होत्या, की शाळेच्या साडेतीनशे मुलांची माहिती असलेला तक्ता संगणकावर उघडतच नाही, नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हे दिसतात. झेरॉक्सवाल्याने यंत्रावरचा हात न काढता छताकडे बोट दाखवले. "वर जा बाई. फाटलेलं असेल तर रफू करून मिळेल. जळलं असेल तर तोही माणूस काय करणार?" नाव चिकटले ते चिकटलेच. पुढे पुढे टपाल देणाराही 'रफू आहेत का?' असे विचारूनच जिना चढू लागला.

जिन्याला अकरा पायऱ्या होत्या आणि सातवी डगडगत असे. वर एकच खोली. टेबलावर दोन संगणक, त्यांतला एक कधीही बाहेरच्या जगाला न जोडलेला. फळीवर रबर लावून गुंडाळलेल्या तारा, जुन्या डिस्कचे डबे, चहाची किटली, आणि ड्रॉवरमध्ये एक पक्कड. खिडकीतून शेजारच्या इमारतीची ओल आलेली भिंत दिसे, म्हणजे दिसण्यासारखे काहीच नसे, आणि ते त्याला सोयीचे होते. दारावर त्याने स्वतःच्या अक्षरात पाटी लिहिली होती: 'बिघडलेल्या फाइली दुरुस्त करून मिळतील. मजकूर वाचला जाणार नाही.'

या दुसऱ्या वाक्यामागे एक कथा होती. धंदा नवा असताना गाणे शिकवणाऱ्या एका बाईंची फाइल त्याने दुरुस्त केली होती. त्यांच्या गायकवृंदातल्या प्रत्येकाच्या आवाजाबद्दल त्यांनी तक्त्यात शेरे लिहिले होते. काम करता करता ते त्याने वाचले, त्याला हसू आले, आणि चार दिवसांनी बसथांब्यावर भेटलेल्या एका ओळखीच्या बाईंना तो गमतीने म्हणाला, "वरच्या पट्टीत तुमचा आवाज पत्र्यासारखा वाजतो म्हणे!" त्या बाईंनी आठवडाभरात गाणे सोडले. एकोणीस वर्षे जपलेले गाणे. गाणे शिकवणाऱ्या बाई पुन्हा आल्या त्या भांडायला नव्हेत. दारात उभ्या राहून त्यांनी एवढेच विचारले, "तुम्हाला फाइल उघडायला दिली होती ना? मग तुम्ही वाचलीत कशासाठी?" त्या दिवशी त्याने दोन नियम केले. मजकूर वाचायचा नाही. आणि काम देऊन झाले की त्याच दिवशी आपल्याकडची प्रत नाहीशी करायची. नाहीशी म्हणजे नुसती कचऱ्याच्या टोपलीत टाकायची नव्हे. तिच्या जागेवर तीन वेळा शून्ये लिहायची, म्हणजे उद्या त्याच्यासारख्याच एखाद्याला ती उकरून काढता येऊ नये. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह निकामी असेल तर त्याच्यादेखत पकडीने मोडायचा.

वाचल्याशिवाय दुरुस्ती कशी करायची, हा प्रश्न त्याने मोठ्या कल्पकतेने सोडवला होता. फाइल उघडली की पहिली गोष्ट म्हणजे तो पडद्यावरचे दृश्य इतके लहान करत असे, की अक्षरांच्या मुंग्या व्हाव्यात आणि मुंग्यांचे कापड. मग त्या कापडात विरलेली जागा कुठे आहे, धागा कुठे तुटला आहे, उभ्या रकान्यात एखादी ओळ सरकली आहे का, हे त्याला लांबूनच कळे. शेवटी ओळी मोजायच्या, तारखा सलग आहेत का हे एका सूत्राने तपासायचे, आणि झाले. लोकांच्या आजारांच्या, भांडणांच्या, परीक्षांच्या, बागांच्या हजारो ओळी त्याच्या डोळ्यांखालून गेल्या, आणि त्याला त्यांतले एक अवाक्षरही ठाऊक नव्हते. त्याची बायको म्हणे, "अख्ख्या शहराची गुपितं तुमच्या टेबलावरून जातात, आणि तुम्हाला शेजारीणबाईंना मुलगा आहे की मुलगी ते माहीत नाही!"

"मुलगा," तो म्हणे.

"दोन मुली आहेत."

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. बियाणे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिने चौतीस वर्षे नोकरी केली. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, रोज त्याच वेळी बघायचे, किती रुजले, किती कुजले, ते तक्त्यात भरायचे. तिथला एक दंडक तिच्या अंगी पुरता मुरला होता: मोजता येईल ते रकान्यात लिहायचे, नुसते दिसले, ऐकू आले किंवा वाटले, ते रकान्यात घुसडायचे नाही, त्याची बाजूला टीप करायची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईने पहिल्याच आठवड्यात असाच तक्ता सुरू केला. दिवसाला एक ओळ. ताप, रक्तदाब, सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या, झोप किती तास, आणि शेवटचा रकाना 'सोबत कोण'. आईचे बोलणे मोजता येणारे नव्हते, म्हणून ते टिपांमध्ये गेले. तारखेच्या चौकोनाला जोडलेली टीप एरवी दिसत नाही; चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीकसा लाल त्रिकोण तेवढा दिसतो, आणि त्यावर बाण नेला की ती उघडते. तीन वर्षे आणि एक महिना. आई गेली त्या दिवशी तक्त्यात अकराशे सत्तावीस ओळी झाल्या होत्या.

धाकट्या भावाला यातले काहीच ठाऊक नव्हते. ताईचे घर बसने दीड तासावर होते, आणि दीड तास हे अंतर फार सोयीचे असते; जाण्याइतके जवळ, न जाण्याइतके लांब. "येतो गं या रविवारी," असे तो फोनवर म्हणे, आणि ते म्हणताना त्याला खरेच जायचे असे. मग शनिवारी कुणाची तरी फाइल येई. माणूस घाबराघुबरा होऊन जिना चढून आलेला असला की त्याला नाही म्हणता येत नसे. आईला नाही म्हणावे लागत नसे. आईने कधी विचारलेच नव्हते.

आई गेल्यानंतर आठ महिन्यांनी ताई अकरा पायऱ्या चढून वर आली. सातव्या पायरीला तिने कठडा धरला आणि वर येऊन पहिले वाक्य तेच बोलली. "ती पायरी एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार आहे. लोकांच्या फाइली नीट करतोस, ती कर आधी."

"बस तरी, ताई. फोन करायचास, मी आलो असतो."

"हो, रविवारी." ती खुर्चीत टेकली आणि पिशवीतून पेनड्राइव्ह काढून तिने टेबलावर ठेवला. "फाइल ठेवत होते आणि मध्येच वीज गेली. आता उघडत नाही. आईचा तक्ता आहे."

त्याने पेनड्राइव्ह हातात घेतला, पण लावला नाही. "किती ओळी?"

"अकराशे सत्तावीस."

"मग होईल. मध्येच वीज गेली की गाठोडं सैल होतं, एवढंच." त्याने तिला समजावून सांगितले, की अशी फाइल बाहेरून एक दिसते, पण आत लहान लहान फाइलींचे गाठोडे असते, ओळींची एक, अक्षरांची एक, रंगांची एक, आणि कोण कुठे बसायचे याची एक यादी. यादी बिघडली की सगळ्यांची दाणादाण उडते. हे सांगताना त्याने टिपांची फाइल मोजली नाही. तिचे नाव त्याच्या तोंडी आलेच नाही.

ताई ऐकत होती. मग म्हणाली, "रोज सकाळी त्याच तारखेचं वाचते रे मी. मागच्या वर्षी आज काय, त्याच्या मागच्या वर्षी आज काय. चार दिवस झाले, वाचलं नाही."

ताप आणि रक्तदाब रोज सकाळी वाचणाऱ्या बहिणीचे त्याला नवल वाटले नाही. प्रयोगशाळेतली बाई, आकड्यांत रमते, असे त्याला वाटले. हे त्याला कसे वाटू शकले, याचा पुढे त्याने पुष्कळ विचार केला.

"यातलं बघ हं," ताई म्हणाली. "वाचलंस तरी चालेल."

"मी वाचत नाही, ताई. पाटी बघितलीस ना?"

"गिऱ्हाइकांचं नाही वाचत. ही आपली आई आहे."

"नियम म्हणजे नियम."

"मी सांगते ना, वाच म्हणून!"

"आज बहिणीचं वाचलं, उद्या मेहुण्याचं वाचेन. माझं एकदा सुटलं की सुटलं." तो हसला. ताई हसली नाही. तिने त्याच्याकडे असे बघितले जसे ती ओल्या कागदावरच्या एखाद्या दाण्याकडे बघत असावी, जो रुजेलही आणि कुजेलही. मग तिने विषय सोडला. बायकोने पाठवलेल्या डब्याची चौकशी केली, चहा घेतला, आणि तीनच्या बसने परत गेली.

त्याने फाइल उघडली. दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रामने नेहमीची सूचना दिली, की काही भाग जोडता आला नाही आणि तो वगळून फाइल उघडली आहे. ही सूचना त्याने आयुष्यात दहा हजार वेळा वाचली असेल. दहापैकी नऊ वेळा वगळलेला भाग म्हणजे एखादा रंग, एखादी जाड रेघ. त्याने 'ठीक' दाबले. पडद्यावर रकान्यांची शीर्षके आली: दिनांक, ताप, रक्तदाब. नजर सरकत सरकत 'सोबत कोण' या शीर्षकापर्यंत गेली, आणि त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ताई, ताई, नर्सबाई, ताई, ताई' अशी ओळ लागलेली त्याला दिसली. त्याने झटकन दृश्य लहान केले. मुंग्या झाल्या, कापड झाले. नियमाप्रमाणेच केले; फक्त नेहमीपेक्षा थोडे लवकर केले. त्या आकारात लाल त्रिकोण आहेत की नाहीत, हे कुणालाच दिसले नसते.

ओळी अकराशे सत्तावीस. तारखा सलग. वीण एकसारखी. त्याने दुरुस्त फाइल नव्या पेनड्राइव्हवर घातली, जुना निकामी होत आला होता, तो पकडीने मोडला, आपल्या संगणकावरच्या प्रतीवर तीन वेळा शून्ये लिहिली, आणि त्याच संध्याकाळी टपालाने पेनड्राइव्ह पाठवून ताईला फोनवर सांगितले, "नवी फाइल घाल आणि जुनी बदलायची का असं विचारलं तर हो म्हण. दोन ठेवू नकोस, गोंधळ होतो." त्याच्या मते बहिणीचे काम त्याने परक्याइतक्याच चोखपणे केले होते.

पाचव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"धाकट्या, लाल कोपरे कुठे गेले रे?"

"कसले लाल कोपरे?"

"तारखांवरचे. टिपांचे. आईचं बोलणं होतं ना त्यात."

तो अजून घरीच होता. बायकोने किटली खाली ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "आईचं बोलणं?" त्याने विचारले.

"रोजचं. ती काय म्हणाली ते. मी म्हटलं नव्हतं का तुला, वाच म्हणून?"

गाठोड्यातली टिपांची फाइल वेगळी असते. यादी बिघडली तर दुरुस्तीचा प्रोग्राम तिला जोडू शकत नाही आणि वगळतो. पण ती आत धडधाकट पडलेली असते. हाताने गाठोडे सोडले तर सापडते. अर्ध्या तासाचे काम. बिघडलेली मूळ फाइल हाताशी असती तर त्याने ते फोनवर बोलता बोलता केले असते. मूळ फाइल तीन ठिकाणी होती. पेनड्राइव्हचे दोन तुकडे महापालिकेच्या गाडीने केव्हाच नेले होते. त्याच्या संगणकावर शून्ये होती. आणि ताईच्या संगणकावरची जुनी फाइल तिने त्याच्या सांगण्यावरून बदलली होती.

"ताई, संगणक बंद कर. लगेच. काही लिहू नकोस त्यावर, मी येतो."

"रविवारी?"

"आत्ता येतो."

'आत्ता येतो' असे आईच्या आजारपणात तो कधीही म्हणाला नव्हता, हे बसमध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आले.

ताईच्या पुढच्या खोलीत खिडकीशी आईची खाट तशीच होती, नुसती गादी काढलेली. संगणकाचे टेबल खाटेला लागून. ताई आईच्या उशाशी बसूनच लिहीत असे. समोरच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी होती. त्याने आपली अवजारे जोडली आणि दुपारपर्यंत डिस्कचा कण न् कण चाळला. बदललेल्या फाइलची जागा एव्हाना दुसऱ्या कशाकशाने व्यापली होती. कुठे निम्मा शब्द मिळाला, कुठे नुसती तारीख. एका ठिकाणी 'म्हणाली की' एवढे सापडले आणि पुढे एका जाहिरातीचे चित्र सुरू झाले. ताई शेजारी बसून बघत होती.

"मिळेल ना?" असे तिने चारदा विचारले. पाचव्यांदा विचारले नाही.

शेवटी त्यालाच आठवले. "ही फाइल कुणाला पाठवली होतीस का कधी? डॉक्टरांना वगैरे?"

पाठवली होती, एकदाच, पाचव्या महिन्यात, झोपेच्या गोळ्या बदलायच्या होत्या तेव्हा. पाठवलेल्या ई-मेलमध्ये ती फाइल तशीच होती. एकशे चव्वेचाळीस ओळी आणि तारखांवर एकसष्ट लाल कोपरे. त्याचा हात सवयीने दृश्य लहान करायला गेला. ताईने त्याचे मनगट धरले.

"मोठं कर," ती म्हणाली. "आणि मोठ्यानं वाच. माझा चष्मा आत आहे."

चष्मा तिच्या डोक्यावर होता. त्याने दृश्य मोठे केले आणि गाण्याच्या त्या फाइलीनंतर पहिल्यांदाच, दुसऱ्याच्या फाइलमधला मजकूर वाचू लागला.

'मला उठवू नका, मी झोपलेलीच नाही.'

'गोल गोळी बिचारी आपली आपण जाते. ती लांबट आहे ना, ती मुद्दाम अडते. तुझ्या काकासारखी.'

'समोरच्या गच्चीवर ती काळी बाई कधीची उभी आहे. तिला आत घे, पाय दुखत असतील.'

'पंखा काय बोलतोय ते मला कळतं, पण मी त्याला उत्तर देणार नाही.'

ताई हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. तो वाचत राहिला. आवाज आईचा होता. असा चिमटा काढणारा आवाज तिचाच होता, आणि तो त्याने तिच्या शेवटच्या वर्षांत ऐकलाच नव्हता. फोनवर ती त्याच्याशी 'बरी आहे, जेवलास का' एवढेच बोलत असे. चाळिसाव्या टिपेपाशी तो अडला. 'धाकटा आला नाही ना? नको बोलावूस. कामात असेल. काम असलं की तो बरा असतो, लहानपणापासून.'

त्याने ती टीप पुन्हा एकदा वाचली, या वेळी मनातल्या मनात.

"तुझ्याबद्दल पुष्कळ होतं," ताई म्हणाली. "पुढच्या वर्षांत जास्त. वीस-पंचवीस टिपा तरी असतील. तू वाचावंस म्हणून तर..." तिने वाक्य सोडून दिले.

"काय म्हणायची?"

"ते होतं लिहिलेलं."

"तुला आठवत असेल ना, ताई. सांग ना."

"आठवतं म्हणजे काय, अर्थ आठवतो. शब्द नाही आठवत. लिहून ठेवलं की माणूस विसरायला मोकळा होतो रे. मी रोज रात्री लिहायची आणि मोकळी व्हायची." ती खाटेच्या काठावर बसली. "आता सांगितलं तर ते माझं बोलणं होईल. आई माझ्यासारखं नाही बोलायची. मी दाणे मोजणारी बाई."

त्याला क्षमा मागायची होती, पण त्याच्या धंद्यात दिलगिरीचे एकच वाक्य होते, 'माफ करा, फाइल वाचता आली नाही', आणि ते हजारदा वापरून गुळगुळीत झाले होते. ते त्याच्या ओठांपर्यंत आले आणि त्याची त्यालाच किळस आली. ताईने त्याला दोष दिला नाही. ती एवढेच म्हणाली, की वाच म्हणून सांगितले तेव्हा टिपा आहेत असे तिनेही स्पष्ट सांगायला हवे होते, त्याला आपणहून सापडाव्यात असे तिला वाटले होते, आणि त्यानेच घात झाला. हे तिने स्वतःवर ओढून घेतलेले त्याला अधिक लागले.

संध्याकाळच्या आत ताईने ठरवून टाकले. जे आठवते ते आठवते तसे पुन्हा भरायचे. दुरुस्त झालेल्या फाइलमध्ये, त्या त्या तारखेवर, पण सुरुवातीला 'आठवणीतून' असे लिहून. प्रयोगशाळेत फुटलेल्या नमुन्याची नोंद करायची हीच रीत होती. ती सांगणार आणि तो लिहिणार. एकसष्ट मूळ टिपा त्याने आधी जागच्या जागी बसवल्या. मग 'सोबत कोण' या रकान्यावर एका वेळी एकाच नावाच्या ओळी दाखवणारी चाळणी लावून तिने सांगितले तसे एकेक नाव निवडले. नर्सबाई होत्या ते दिवस वेगळे निघाले. त्यांना फोन करून विचारायचे ठरले. शेवटी यादीत एकच नाव उरले. त्याने ते निवडले.

धाकटा. एकोणीस ओळी.

तीन वर्षे आणि एक महिना यांतल्या एकोणीस. त्यांतल्या तीन पहिल्या पाच महिन्यांतल्या, म्हणजे पाठवलेल्या फाइलमध्ये धडधाकट मिळालेल्या. त्या तिन्हींवर लाल कोपरा नव्हता.

"यांवर टिपा का नाहीत गं?"

"त्या दिवशी तू होतास ना. तू आलास की मी बाहेरची कामं उरकायला जायची, तेवढीच सुटका. परत आले की तुला विचारायची, काय म्हणाली आई? तू म्हणायचास, काही विशेष नाही."

म्हणजे फाइल शाबूत राहिली असती, तरी हे एकोणीस दिवस तिच्यात नव्हतेच. ते त्याच्याकडे ठेवायला दिले होते.

"सांग," ताई म्हणाली. "पहिली तारीख कुठली आहे?"

त्याने तारीख वाचली. मंगळवार होता. त्याला तो दिवस आठवला, आणि आठवतोय म्हणून त्याला क्षणभर केवढा दिलासा वाटला. इथेच बसला होता, या खाटेशी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. कुणाची तरी फाइल होती, चारशे बारा ओळींची. मधले दोन रकाने एकमेकांत घुसले होते आणि ते सोडवताना मजा आली होती. ते रकाने त्याला आत्ताही डोळ्यांसमोर दिसत होते. आई खिडकीकडे तोंड करून पडली होती. ती काहीतरी म्हणाली होती. नक्की म्हणाली होती, कारण त्याने उत्तर दिलेले त्याला आठवत होते.

"काय झालं?" ताईने विचारले.

"तिनं काहीतरी विचारलं होतं. मी 'चारशे बारा' म्हणालो."

"विचारलं काय होतं?"

तो आठवत राहिला. समोरच्या गच्चीवर टाकी उभी होती. किती ओळी झाल्या असे विचारले असेल. किंवा किती वाजले, किंवा किती दिवस राहणार आहेस. तिन्हींना त्याने तेच उत्तर दिले असते.

"नाही आठवत, ताई."

"बरं," ताई म्हणाली. तिने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि खुर्ची जवळ घेतली. "मग जेवढं आहे तेवढंच लिही. आपल्या मनचं घालू नकोस."

त्याने तारखेच्या चौकोनाला टीप जोडली. 'आठवणीतून,' त्याने लिहिले. 'आईने काही विचारले. धाकटा म्हणाला, चारशे बारा.' टीप मिटली, आणि चौकोनाच्या कोपऱ्यात लाल त्रिकोण उमटला.

"पुढची," ताई म्हणाली.